कंट्री संगीताचं २०२३ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कंट्री संगीत ऐकणारे मराठी लोक संख्येने थोडे असले तरी चौकस आहेत. २०२३ या वर्षाबद्दल त्यांच्याकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, विशेषतः 'फास्ट कार' हे गाणं मुळात लिहिणाऱ्या ट्रेसी चॅपमनबद्दलची. माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत मोठी गोष्ट तीच होती.

२०२३ मध्ये एवढं विशेष काय घडलं?

अमेरिकेत कुठलं गाणं किती चाललं हे मोजणारी सर्वांत मानाची यादी म्हणजे बिलबोर्ड या संगीत-व्यवसायाच्या मासिकाची 'हॉट १००'. स्ट्रीमिंग, रेडिओ आणि विक्री या तिन्हींचा हिशेब करून ती दर आठवड्याला निघते. ही यादी ऑगस्ट १९५८ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून पहिले तीनही क्रमांक कंट्री गाण्यांनी घेतलेत असं एकदाही घडलं नव्हतं. ५ ऑगस्ट २०२३ च्या यादीत ते घडलं : पहिल्या क्रमांकावर जेसन आल्डीनचं 'ट्राय दॅट इन अ स्मॉल टाउन', दुसऱ्यावर मॉर्गन वॉलनचं 'लास्ट नाइट' आणि तिसऱ्यावर ल्यूक कोम्सच्या आवाजातलं 'फास्ट कार'.

या तिघांच्या यशाची कारणं एकमेकांपासून फार वेगळी आहेत. पहिलं गाणं वादातून वर आलं, दुसरं लोकांनी महिनोन्महिने पुन्हापुन्हा ऐकलं म्हणून आणि तिसरं पस्तीस वर्षं जुनं असूनही. आकड्यांकडे बघताना हा फरक लक्षात ठेवायला हवा.

कंट्री म्हणजे नेमकं कुठलं संगीत?

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या डोंगराळ आणि शेतकरी वस्त्यांत वाढलेलं गाणं. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्यांचं फिडल (म्हणजे व्हायोलिन), आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचा बँजो, चर्चमधली भजनं आणि ब्लूज हे सगळं त्यात मिसळलेलं आहे. १९२५ मध्ये नॅशव्हिलच्या (टेनेसी राज्यातलं हे शहर म्हणजे कंट्री व्यवसायाचं केंद्र) डब्ल्यूएसएम रेडिओवर जो कार्यक्रम सुरू झाला, तोच पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' झाला आणि आजही चालू आहे. त्याच्या सुरुवातीच्या लोकप्रिय वादकांपैकी एक, हार्मोनिका वाजवणारा डीफोर्ड बेली, कृष्णवर्णीय होता. हे नाव पुढच्या एका उत्तरासाठी लक्षात असू द्या.

'फास्ट कार' मुळात कुणाचं?

ट्रेसी चॅपमनचं. शब्द तिचे, चाल तिची, पहिला आवाज तिचा. ती ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडची. १९८८ मध्ये तिचा पहिला अल्बम आला, त्यात हे गाणं होतं. दारूच्या आहारी गेलेला बाप, सोडून गेलेली आई, शाळा अर्धवट टाकून दुकानाच्या काउंटरवर उभी राहणारी मुलगी आणि कुठेतरी दूर निघून जाण्याचं तिचं स्वप्न, अशी ती गोष्ट आहे. शेवटी तिचा जोडीदारही तिच्या बापाच्याच वाटेने जातो. गिटारचा एक छोटासा घोळून येणारा तुकडा आणि त्यावर ही कहाणी, बस.

११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठी मैफल होती. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. चॅपमनचं गाणं दुपारीच होऊन गेलं होतं. संध्याकाळी प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर मंचावर यायचे होते, पण त्यांच्या वाद्याची संगणक डिस्क सापडेना आणि ते निघून गेले. मोकळा पडलेला वेळ भरायला चॅपमनला पुन्हा उभं केलं. एक बाई, एक गिटार आणि समोर भरलेलं स्टेडियम. तिथून गाणं जगभर पोचलं. 'हॉट १००' वर ते सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि पुढच्या वर्षी चॅपमनला तीन ग्रॅमी मिळाले.

ल्यूक कोम्सने त्यात काय बदललं?

जवळजवळ काहीच नाही आणि तिथेच त्याची समज दिसते. नॉर्थ कॅरोलिनाच्या या गायकाने ते गाणं लहानपणी वडिलांच्या गाडीत ऐकलं होतं. मार्च २०२३ मध्ये 'गेटिन ओल्ड' या अल्बमात त्याने ते घेतलं. गायक पुरुष असूनही दुकानात काम करणाऱ्या मुलीचा उल्लेख त्याने तसाच ठेवला. 'मुलगी'चा 'मुलगा' केला नाही. पेडल स्टीलचा (आडवी ठेवून सूर घसरवत वाजवायची गिटार) हलका हात आहे, ड्रम थोडे भरीव आहेत, एवढंच. हे गाणं 'हॉट १००' वर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे मूळ गाण्यापेक्षा वर.

कंट्री रेडिओवर किती वाजतं हे मोजणाऱ्या 'कंट्री एअरप्ले' या यादीत ते पहिलं आलं. ही यादी १९९० पासून निघते. एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीने एकटीने लिहिलेलं गाणं त्या यादीत पहिलं येण्याची ती पहिलीच वेळ.

'सिंगल ऑफ द इयर' आणि 'साँग ऑफ द इयर' यांत फरक काय? दोन्ही एकाच गाण्याला कसे मिळाले?

'सिंगल' हा ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार : गायकाला, निर्मात्याला, मिक्सिंग करणाऱ्याला. 'साँग' हा गाणं लिहिणाऱ्याला, म्हणजे शब्द आणि चाल रचणाऱ्याला. आकाशवाणीवर गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी नावं सांगितली जातात, ती आपल्याला सवयीची आहेत. नॅशव्हिलमध्ये हा भेद पुरस्काराच्या पातळीवर जपला जातो.

८ नोव्हेंबर २०२३ ला नॅशव्हिलच्या ब्रिजस्टोन अरीनामध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा, म्हणजे सीएमएचा, ५७ वा सोहळा झाला. 'सिंगल' कोम्सला आणि 'साँग' चॅपमनला मिळाला. चॅपमन तिथे नव्हती. तिचं छोटंसं निवेदन मंचावरून वाचून दाखवलं गेलं : पस्तीस वर्षांनी आपल्या गाण्याची नव्याने दखल घेतली गेली हा सन्मान आहे, आणि कोम्सचे, त्याच्या चाहत्यांचे आभार. कोम्सनेही आपला पुरस्कार घेताना तिचेच आभार मानले.

गाणं जुनं असून 'वर्षाचं' कसं, असं पुष्कळ जण विचारतात. सीएमएच्या नियमात गाणं कधी लिहिलं याला महत्त्व नाही. पात्रतेच्या काळात (१ जुलै ते ३० जून) ते कंट्री चार्टवर चाललं का, एवढंच पाहतात.

दुसऱ्याचं गाणं गायला परवानगी लागते का? पैसे कुणाला मिळतात?

अमेरिकी कायद्यानुसार एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं कुणीही पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो. लेखकाचा होकार लागत नाही, ठरलेला मोबदला द्यावा लागतो. २०२३ मध्ये हा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रत्येक सीडी किंवा डाउनलोडमागे १२ सेंट होता. स्ट्रीमिंगचा हिशेब वेगळा. गाण्याचा मूळ स्वभाव मात्र बदलता येत नाही.

आता रेडिओची गंमत बघा. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की लेखक आणि प्रकाशक यांना रॉयल्टी मिळते. गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला मिळत नाही. बहुतेक देशांत असं नाही. म्हणजे २०२३ च्या उन्हाळ्यात गाडी चालवताना ज्या लाखो लोकांनी कोम्सचा आवाज ऐकला, त्या प्रत्येक प्रसारणाचा रेडिओकडून येणारा पैसा चॅपमनच्या बाजूला गेला. गाणं पूर्णपणे तिने एकटीने लिहिलं असल्यामुळे लेखकाच्या हिश्श्यात दुसरा वाटेकरीही नव्हता. आजकालच्या हिट गाण्यांना तीन-चार लेखक असतात, हे लक्षात घेतलं तर ही फार दुर्मिळ गोष्ट आहे.

पहिल्या कृष्णवर्णीय गीतकार, आणि त्याही २०२३ मध्ये? याचा आनंद मानायचा की नाही?

सीएमए पुरस्कार १९६७ मध्ये सुरू झाले. 'साँग ऑफ द इयर' एखाद्या कृष्णवर्णीय लेखकाला मिळायला २०२३ उजाडावं लागलं. मला दोन्ही वाटतं, आनंद आणि राग, आणि एकामुळे दुसरं कमी होत नाही.

ज्या संगीताचा बँजो आफ्रिकेतून आला, ज्याच्या सर्वांत प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमावर डीफोर्ड बेली वाजवत होता, ज्यात चार्ली प्राइड हा कृष्णवर्णीय गायक १९७१ मध्ये 'एंटरटेनर ऑफ द इयर' (सीएमएचा सर्वांत मोठा पुरस्कार) झाला, त्या संगीतात कृष्णवर्णीयांना जागा नव्हती असं म्हणता येत नाही. जागा होती, नोंद ठेवली गेली नाही. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतलं संगीत विकताना दोन वेगळ्या याद्या केल्या : गोऱ्यांसाठी 'हिलबिली', काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्स'. गाणी दोन्हीकडे पुष्कळदा तीच असायची. कप्पे मात्र पक्के झाले आणि रेडिओने ते पुढे चालवले.

'फास्ट कार' १९८८ मध्येही कंट्रीच्या जवळचं होतं. गरिबी, गाडी, दारू, गाव सोडण्याची ओढ, साधी गिटार, यात कंट्री नसलेलं काय आहे? तरी तेव्हा ते फोक आणि पॉपमध्ये गेलं आणि गोऱ्या पुरुषाने गायल्यावर कंट्री झालं. दोष कोम्सचा नाही. त्याने अत्यंत आदराने ते गायलं आणि श्रेय जिथल्या तिथे दिलं. दोष दारावर उभं राहून कुणाला आत घ्यायचं हे ठरवणाऱ्यांचा आहे. आणि तरीही, ज्या सभागृहाने हा पुरस्कार दिला त्यातल्या मतदारांनी निदान या वेळी बरोबर नाव लिहिलं, याचं मला मनापासून समाधान आहे.

'एंटरटेनर ऑफ द इयर' कोण झालं?

लेनी विल्सन. लुइझियानातल्या बास्किन नावाच्या जेमतेम काहीशे वस्तीच्या गावातली शेतकऱ्याची मुलगी. २०११ मध्ये नॅशव्हिलला आली आणि सुरुवातीची काही वर्षं एका स्टुडिओच्या पार्किंगमध्ये उभ्या केलेल्या कॅम्पर गाडीत राहिली. बेल-बॉटम पँट ही तिची ओळख, अल्बमचं नावही 'बेल बॉटम कंट्री'. सीएमएच्या त्या रात्री तिला पाच पुरस्कार मिळाले : एंटरटेनर, गायिका, अल्बम आणि हार्डी या गायकासोबतच्या 'वेट इन द ट्रक' साठी दोन. ते गाणं घरातल्या मारहाणीवरचं आहे, रेडिओवर चालणाऱ्या नेहमीच्या विषयांतलं नाही. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या अल्बमला ग्रॅमीही मिळाला.

हा पुरस्कार स्त्रीला मिळणं ही बातमी का ठरते, तर मिळालेल्यांची यादी इतकी छोटी आहे म्हणून. १९७२ मध्ये लोरेटा लिन पहिली. मग डॉली पार्टन, बार्बरा मँड्रेल (दोनदा), रीबा मॅकेंटायर, शनाया ट्वेन, डिक्सी चिक्स हा त्रिकूट बँड आणि टेलर स्विफ्ट दोनदा, शेवटचा २०११ मध्ये. त्यानंतर थेट लेनी विल्सन. मधल्या काळात, २०१५ मध्ये, एका रेडिओ सल्लागाराने उघडपणे सांगितलं होतं की स्टेशनांनी बायकांची गाणी लागोपाठ वाजवू नयेत. सॅलडमध्ये पुरुष हा लेट्यूसचा पाला आणि बायका मधूनमधून पेरायचे टोमॅटो. यावर मोठा गदारोळ झाला, पण कंट्री रेडिओवर बायकांचा वाटा त्यानंतरही फार वाढला नाही. म्हणून विल्सनच्या त्या रात्रीचं मोल मोठं.

मॉर्गन वॉलन आकड्यांत सर्वांच्या पुढे होता. मग सीएमएत त्याला काहीच का नाही?

'लास्ट नाइट' तब्बल १६ आठवडे 'हॉट १००' वर पहिलं होतं. सहगायक नसलेल्या गाण्यासाठी तेव्हाचा विक्रम. ३६ गाण्यांचा त्याचा 'वन थिंग अ‍ॅट अ टाइम' हा अल्बम एकूण १९ आठवडे पहिला राहिला. बिलबोर्डच्या वर्षअखेरच्या याद्यांत गाणं आणि अल्बम दोन्हींत तोच वर. नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेल्या बिलबोर्ड म्युझिक अवॉर्ड्समध्ये त्याला ११ पुरस्कार, कारण ते पुरस्कार चार्टवरच्या आकड्यांनुसार ठरतात.

सीएमए मतांनी ठरतो. मत देणारे हजारो सभासद याच व्यवसायातले असतात : गायक, लेखक, वादक, रेडिओवाले, रेकॉर्ड कंपन्या, कार्यक्रम भरवणारे. २०२१ मध्ये वॉलनचा वंशद्वेषी शिवी देतानाचा व्हिडिओ बाहेर आला होता, आणि त्याची आठवण २०२३ मध्येही मतदारांच्या मनात असणार. २०२४ मध्ये मात्र याच मतदारांनी त्याला 'एंटरटेनर' केलं.

'लास्ट नाइट' च्या चार लेखकांत वॉलनचं नाव नाही, हेही जाता जाता नोंदवतो. चार जणांपैकी एक अ‍ॅश्ली गोर्ली, नॅशव्हिलमधला सर्वांत यशस्वी गीतकार. तो रस्त्यात दिसला तर फारसं कुणी ओळखणार नाही.

सीएमए, एसीएम आणि ग्रॅमी : वेगळे कसे?

सीएमए नॅशव्हिलचा, तिथल्या व्यवसायाचा. एसीएम, म्हणजे अकॅडमी ऑफ कंट्री म्युझिकचा, १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला, पश्चिमेकडच्या कलाकारांकडे नॅशव्हिल बघत नाही म्हणून. २०२३ चा त्यांचा सोहळा मे महिन्यात टेक्सासमध्ये झाला, डॉली पार्टन आणि गार्थ ब्रुक्स यांनी सूत्रसंचालन केलं आणि 'एंटरटेनर' ठरला ख्रिस स्टेपलटन. ग्रॅमी सगळ्या प्रकारच्या संगीताचा, त्यामुळे त्यातली कंट्रीची निवड पुष्कळदा नॅशव्हिलपेक्षा वेगळी पडते.

उन्हाळ्यातला तो वाद काय होता?

दोन गाणी होती, आणि लोक ती एकाच पिशवीत टाकतात, ते बरोबर नाही.

आल्डीनचं गाणं मे मध्येच आलं होतं, फारसं गाजलं नव्हतं. जुलैच्या मध्यावर व्हिडिओ आला. त्यात दंगली-निदर्शनांची दृश्यं आणि 'आमच्या छोट्या गावात हे करून दाखवा' असा दम. चित्रीकरण टेनेसीतल्या कोलंबिया गावच्या कोर्टासमोर झालं होतं. याच इमारतीपाशी १९२७ मध्ये हेन्री चोट या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला जमावाने फाशी दिलं होतं. सीएमटी या कंट्री संगीताच्या वाहिनीने व्हिडिओ काढून टाकला. त्यावर चिडलेल्या चाहत्यांनी गाणं विकत घेण्याचा सपाटा लावला आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच आठवड्यात ते २१ व्या क्रमांकावर घसरलं. आवडून ऐकलेलं गाणं असं कोसळत नाही. आल्डीनने वंशद्वेषाचा आरोप फेटाळला. गाणं त्याने लिहिलेलंही नव्हतं. पण ती जागा निवडणाऱ्यांनी तिचा इतिहास बघायला हवा होता, हे माझं ठाम मत आहे.

दुसरं, 'रिच मेन नॉर्थ ऑफ रिचमंड'. व्हर्जिनियातला ऑलिव्हर अँथनी रानात उभा राहून रेझोनेटर गिटारवर (धातूच्या चकतीने आवाज मोठा करणारी गिटार) गातोय, एवढाच व्हिडिओ ऑगस्टमध्ये आला. कमी पगार, जास्त कर, वॉशिंग्टनमधल्या श्रीमंतांवर राग. यापूर्वी कुठल्याच चार्टवर नाव नसलेल्या गायकाचं गाणं थेट 'हॉट १००' च्या पहिल्या क्रमांकावर उतरण्याची ही पहिली वेळ. रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारांच्या वादसभेत ते वाजवलं गेलं, तेव्हा अँथनीने सांगून टाकलं की हे गाणं त्या मंचावरच्या लोकांबद्दलच आहे. सरकारी मदतीवर जगणाऱ्या लठ्ठ माणसांना त्यात मारलेला टोमणा मला खुपतो. आवाजातलं दुखणं मात्र खरं आहे.

जेली रोल कोण?

नॅशव्हिलच्याच अँटियोक भागातला जेसन डीफोर्ड. किशोरवयापासून तुरुंगाच्या वाऱ्या, मग रॅप, मग कंट्री. २०२३ मध्ये, ३८ व्या वर्षी, सीएमएचा 'नवोदित कलाकार'. त्या रात्रीचं त्याचं भाषण शोधून बघाच.

चॅपमन आणि कोम्स एकत्र गायले का?

हो, ४ फेब्रुवारी २०२४ ला ग्रॅमी सोहळ्यात. चॅपमन कित्येक वर्षं मंचापासून दूर होती. सुरुवातीचा गिटारचा तुकडा तिनेच वाजवला आणि ओळखीचे सूर ऐकताच सभागृह उठलं. कोम्स तिच्या ओळींच्या वेळी तिच्याकडे बघत नुसते ओठ हलवत होता, शाळकरी चाहत्यासारखा. त्यानंतर तिचं १९८८ चं मूळ ध्वनिमुद्रण आयट्यून्सच्या विक्रीत पहिलं आलं.

पुढच्या वर्षी दार उघडलं का?

थोडं उघडलं, थोडं नाही. २०२४ मध्ये बियॉन्से ही बिलबोर्डच्या 'हॉट कंट्री साँग्स' यादीत पहिली येणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. शबूझी या कृष्णवर्णीय गायकाचं 'अ बार साँग (टिप्सी)' तर १९ आठवडे 'हॉट १००' वर पहिलं राहिलं. शबूझीला सीएमएची नामांकनं मिळाली. बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर' ला एकही नाही. फेब्रुवारी २०२५ च्या ग्रॅमीत त्याच अल्बमला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम आणि एकूणातला सर्वोत्कृष्ट अल्बम हे दोन्ही मिळाले.

या संगीताचा आपल्याकडे काही धागा?

आहे. वसई, वांद्रे, गोवा इथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत जिम रीव्ह्ज या कंट्री गायकाच्या तबकड्या आणि नाताळची गाणी अनेकांनी ऐकली असतील. दुसरा धागा वाद्याचा. कंट्रीतली पेडल स्टील हवाईयन गिटारमधून आली. तीच हवाईयन गिटार भारतात आली आणि मुंबईत व्हॅन शिप्लेंसारख्या वादकाने तिच्यावर हिंदी चित्रपटगीतं वाजवून घराघरांत पोचवली. कोम्सच्या 'फास्ट कार' मागे तो घसरत जाणारा सूर ऐकाल, तेव्हा जुन्या लोकांना तो परका वाटणार नाही.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

आधी चॅपमनचं मूळ 'फास्ट कार', मग कोम्सचं. त्यानंतर लेनी विल्सनचं 'हार्ट लाइक अ ट्रक', स्टेपलटनचं 'व्हाइट हॉर्स' आणि झॅक ब्रायन-केसी मसग्रेव्ह्ज यांचं 'आय रिमेंबर एव्हरीथिंग'. शेवटची दोन्ही २०२४ च्या ग्रॅमीत जिंकलेली. प्रत्येक गाण्याच्या माहितीत लेखकांची नावं असतात, तीही वाचा, आणि जे नाव दोनदा दिसेल त्याची बाकीची गाणी शोधा.